रंगपेटी कुणाच्या हातात?

दादासाहेब फाळक्यांना तारामती सापडली ती एका खानावळीत. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कुणी बाई तयार होईना, तेव्हा तिथे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं गेलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच! हा किस्सा आपण हसत सांगतो आणि लगोलग दुर्गाबाई कामत व कमलाबाई गोखले (विक्रम गोखल्यांच्या आजी) यांचं नाव घेऊन मोकळे होतो. आली बाई पडद्यावर, मिटला प्रश्न.

मला कुतूहल आहे त्याच्या पुढचं. पडद्यावर आलेल्या बाईचा चेहरा रंगवायचा कुणी? मुंबईत हे कित्येक दशकं ठरलेलं होतं. मेकअपदादांनी चेहरा करायचा, हेअरड्रेसर ताईंनी केस. त्यांच्या संघटनेचं कार्डच तसं मिळे, आणि कार्ड नसेल तर सेटवर काम नाही. चारू खुराना परदेशात मेकअप शिकून आल्या, कार्ड मागितलं, तर नकार. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही होतीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन्ही अटी रद्द झाल्या. दोन हजार चौदा! मंगळावर यान पोहोचलं त्याच वर्षी बाईला पावडरचा पफ हातात धरायची कायदेशीर मुभा मिळाली.

बायका आल्या तर पुरुषांचा रोजगार जाईल, असं कारण दिलं जाई. ते मला पटत नाही, पण खोटंही वाटत नाही. शिफ्टवर पोट असणाऱ्या माणसाची कार्ड हीच जहागीर. तो ती राखणारच. त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, कारण त्याचा नियम निदान कागदावर होता. म्हणून तर कोर्टात टिकला नाही.

बाकीच्या दारांवर काहीच लिहिलेलं नसतं. सहायक दिग्दर्शक व्हायचं तर सुरुवातीची वर्षं फुकट किंवा तुटपुंज्या पैशांत काढावी लागतात. म्हणजे गुणांच्या आधी अंधेरी-गोरेगावात एखादी मावशी असावी लागते. मावशी नसलेल्या मुलीला कुणी हाकलत नाही. ती आपसूकच गावी परतते.

भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ हा चित्रपट काढला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, आणि आपल्याला जिद्दीची एक छान गोष्ट मिळाली. जिद्द खरीच. पण ज्याच्या घरात सातबाराच नाही, त्याने काय विकायचं? धनगरवाड्यावरच्या, पारधी पालावरच्या पोरीला आपला सिनेमा सुचला, तर तिच्या जिद्दीला तारण काय?

केरळने याचं एक उत्तर काढलं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना सरकारी महामंडळामार्फत चित्रपटासाठी दीड कोटीपर्यंत रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या चित्रपट परिषदेत ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन म्हणाले, ही रक्कम फार आहे, यांना आधी नीट प्रशिक्षण द्या. मोठा गदारोळ झाला. प्रशिक्षणाला कोण नाही म्हणेल? पण ते फक्त यांनाच का? अडूर स्वतः पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, आणि त्यांचा पहिला चित्रपट ‘स्वयंवरम्’ (१९७२) उभा राहिला तो सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जाच्या आधारावर. त्या नवख्या दिग्दर्शकावर लावलेला पैसा किती सत्कारणी लागला! सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच.

आमच्याकडेही मराठी चित्रपटांना अनुदान आहे, आणि त्याबद्दल सरकारचं कौतुकही होतं. मात्र ते मिळतं सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण समितीने तो पाहून ‘अ’ की ‘ब’ दर्जा ठरवल्यावर. तोवरचा खर्च ज्याचा त्याने बघायचा.