डिसेंबरातलं टेबल

नाताळ जवळ आला की गोव्यात हणजुणे-आसगावकडच्या खोल्यांची भाडी कडाडतात. तरी लॅपटॉप घेऊन फिरणारी मंडळी येतातच.

त्यांना समुद्राचं आमिष दाखवून काय होणार? समुद्रासाठीच तर ती आलेली असतात. को-वर्किंगच्या दारात त्यांचे प्रश्न वेगळे असतात: वीज गेली तर वायफाय चालतं का? रात्री किती वाजेपर्यंत उघडं? डिसेंबरात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा गोव्यात संध्याकाळचे ७.३० झालेले असतात. ज्याचे साहेब तिकडे, त्याचा खरा दिवस तेव्हा सुरू होतो. सहालाच शटर ओढणारी जागा त्याच्या उपयोगाची नाही. मीटिंगसाठी दार नीट लागणारी, आवाज न घुमणारी एक लहानशी खोली मिळाली, तर तो पुन्हा येतो.

बालीतल्या उबुदमध्ये २०१३ साली बांबूच्या इमारतीत सुरू झालेल्या ‘हुबुड’ या को-वर्किंग जागेनं टेबलांइतकाच जोर माणसं जोडण्यावर दिला. गोव्यात तर हे किती सोपं! २४ तारखेच्या संध्याकाळी, घरापासून लांब असलेल्यांसमोर नेवऱ्या, दोदोल, बेबिंका मांडावं. ओळखी आपोआप होतात.

आणि आठवड्याचा पास महिन्याचा करून घेण्याची सोय तेव्हाच सांगावी. नवं वर्ष उजाडून आठवडा झाला की गर्दी ओसरते, भाडी उतरतात.