ओरिजिनल म्हणजे कुठलं?

नागोठण्यात अंगणात जुनी गाडी रिस्टोअर करायची म्हणजे पावसाशी वैर. आजोबांची प्रीमियर पद्मिनी, १९७४ ची. कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. स्पोर्ट्स कार नव्हे, पण आमची फेरारी हीच! सध्या दर रविवारी गंज खरवडतोय.

२०२१ च्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. ते ठीक. पण डॅशबोर्डवरचा छोटा पंखा? तो कंपनीचा नाही, आजोबांनी बसवलेला. आजीला गाडी लागायची. पंख्याशिवाय ती वडखळच्या पुढे जायची नाही.

भाऊ म्हणतो, काढून टाक. अरे, पण रोलबॅक करायचं तर कुठल्या व्हर्जनला? कारखान्यातून निघाली त्या, की आजी बसायची त्या?

पंख्याला नवीन वायर टाकलीये.