वाघबिळाचं वळण

खरं सांगू? बाइक चालवता येणं वेगळं आणि पळवता येणं वेगळं, हा फंडा मला वाघबिळाच्या वळणावर क्लिअर झाला. तोही डांबरावर आडवं पडून!

कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. पुण्यातून वीकएंडला घरी गेलो, की भल्या पहाटे चुलतभावाशी गडापर्यंत रेस लावायची, वर झुणका-भाकर हाणायची आणि परत. आमचा ठरलेला कार्यक्रम. मोबाइलच्या वॉलपेपरवर अर्थातच पेको, म्हणजे फ्रान्चेस्को बान्याया.

इटलीतल्या तुरीनचा हा पोरगा मला आपला वाटायचा, त्याला कारण होतं. जून २०१६मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनला त्यानं मोटो३ची रेस जिंकली, ती चक्क महिंद्रवर! मुंबईच्या कंपनीचा ग्रां प्रीमधला तो पहिला विजय, आणि पेकोचाही पहिलाच. २०१७च्या सीझननंतर महिंद्रनं हा नाद सोडला. पेको मात्र २०१८मध्ये मोटो२चा आणि पुढं डुकाटीवर २०२२, २०२३ असा दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

तर, त्याच्यासारखा गुडघा टेकवून वळण घ्यायला गेलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीतून सांडलेला पाला होता. पुढचं चाक सटकलं... खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय. आई रडली. पप्पा एक शब्द बोलले नाहीत. फक्त बाइकची किल्ली कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

दीड महिना घरी बसून पेकोच्या जुन्या रेस पाहिल्या. या वेळी जिंकलेल्या नाही, हरलेल्या. २०१३ हा त्याचा ग्रां प्रीतला पहिला सीझन. वर्षभराचे गुण किती? शून्य! असं अप्रेजल आपल्याला मिळालं असतं तर? २०२२ला जर्मनीत तो पडला आणि क्वार्तारारोच्या तब्बल ९१ गुण मागे गेला. तिथून चॅम्पियन झाला. आणि व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या रेसमध्ये कितवा आला माहितीये? नववा. त्या दिवशी जिंकायची गरजच नव्हती, सांभाळून पोचायचं होतं.

मग सप्टेंबर २०२३ची ग्रेटर नोएडाची रेस लावली. दुसऱ्या नंबरवर असताना पेको घसरला, उठला आणि चालायला लागला. मी ती क्लिप चार वेळा पाहिली. त्याच्या अंगात एअरबॅगवाला सूट होता. मोटोजीपीत २०१८पासून तो सक्तीचाच आहे. ट्रॅकबाहेर घसरत जायला मोकळी जागा होती, समोरून कुणी येणार नव्हतं, मार्शल तयार होते. वाघबिळात काय असतं? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार आणि समोरून एसटी. पेकोचा फोटो मी लावला होता, बाकीची तयारी शून्य. म्हणजे निदान एका बाबतीत आमचे गुण सारखे होते!

सहा महिन्यांनी एका रविवारी पप्पांनी कपाट उघडलं. किल्ली माझ्यासमोर ठेवली. ‘‘चल, गडावर जाऊन येऊ.’’ आणि स्वतः मागं बसले.

त्यांचा हात माझ्या त्याच खांद्यावर होता. मी चाळीसच्या वर गेलो नाही. वळण आलं तसा हात घट्ट झाला. मी गिअर टाकला, हॉर्न दिला, डावी बाजू धरून निघालो. मागून एक पोरगं स्कूटरवरून सुसाट पुढं गेलं.

‘‘अरं, म्हातारा मी हाय का तू?’’ पप्पा मागून ओरडले. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ बाइक लावली आणि मुकाट्यानं किल्ली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

‘‘ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच,’’ म्हणाले आणि झुणका-भाकरीच्या दिशेनं चालू लागले.