वायसरवरची चंद्रकोर

सायकल ही मोठी बोलकी वस्तू आहे. साखळी सुकली, की ती कुरकुरते. चाकातली हवा गेली, की दगडांवर आपटून तक्रार सांगते. आणि घंटीखेरीज तिचे सारे भाग वाजू लागले, की ती म्हातारी झाली असे खुशाल समजावे. परंतु पुढच्या चाकाचे नट सैल होऊ लागले, तर ती चकार शब्द काढीत नाही. मागच्या चाकाचा नट ढिला झाला, तर साखळीच्या ओढीने चाक तिरपे होते, टायर एका बाजूला घासू लागते आणि स्वाराला लगेच उमगते. पुढच्या चाकाला अशी ओढ नसते. सायकलीच्या नि स्वाराच्या भाराखाली ते आपल्या खाचेत मुकाट्याने बसून राहते. एखाद्या खड्ड्यात चिमटा क्षणभर उचलला जाईपर्यंत. म्हणूनच सायकलीच्या साऱ्या दोषांत मला हा दोष अधिक कपटी वाटतो.

या दोषाची आणि माझी ओळख हिंगणघाटास १९६६ साली झाली. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, वणा नदीपलीकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. शाळा घरापासून पाच मैल दूर. तिकडे मोटार जात नसे, आणि गेली असती तरी रोजचे भाडे आम्हांला झेपले नसते. मीही त्याच शाळेत सातवीत शिकत होतो. सायकलीच्या पुढच्या दांड्यावर बसून मी जाई आणि तसाच परत येई. ती सायकल म्हणजे दादांची नोकरी आणि माझे शिक्षण होते, असे म्हटले तरी चालेल.

हिंगणघाट हे कापसाचे गाव. एके काळी येथल्या कापसाची जात ‘हिंगणघाट’ याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखली जाई. दिवाळी सरली, की पांढऱ्या ढिगांनी लादलेल्या बंड्यांच्या रांगा बाजाराकडे लागत. त्या हंगामात एका बंडीच्या चाकाचा धक्का लागून दादांची सायकल पडली आणि तिचा पुढचा चिमटा वाकला. एका दुकानात त्यांनी तो सरळ करून घेतला. नजरेला तो अगदी पूर्वीसारखा दिसत होता. मात्र त्यानंतर आठ दिवसांतच पुढच्या चाकाचा डावा नट सैल होऊ लागला.

दादा सकाळी नट आवळीत. संध्याकाळपर्यंत तो बोटांनी फिरेल इतका ढिला होई. त्यांनी लांब दांड्याचा पाना आणला आणि अंगातले सारे बळ लावले. त्याने नटाचे आटेच झिजले. नवा नट आणला. त्याखाली स्प्रिंगचे वायसर घातले. त्यावर आणखी एक नट चढविला. शाळामास्तरांच्या खिशात खडू असायचाच. एके दिवशी दादांनी नटावरून चिमट्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. शाळेत पोहोचल्यावर आम्ही दोघांनी वाकून पाहिले. उजव्या बाजूची रेघ सरळ होती. डाव्या बाजूची मात्र तुटून तिचा अर्धा भाग नटाबरोबर खाली उतरला होता. रोग डावीकडे आहे, एवढे त्या रेघेने निश्चित सांगितले. पण रोग कोणता, ते सांगितले नाही.

“चाक फिरते, म्हणून नटही फिरत असेल,” असे मी म्हणालो. हा समज पुष्कळांचा असतो. वास्तविक चाकाच्या मधोमध असणारा आस, ज्याला दुकानात एक्सल म्हणतात, मुळीच फिरत नाही. तो चिमट्याच्या दोन खाचांत घट्ट धरलेला असतो आणि त्याच्याभोवती पोलादी छर्‍यांवर फक्त हब फिरतो. छर्‍यांना अडवून धरणारे दोन कोन फार आवळले गेले, तर मात्र फिरते चाक कोनाला आणि कोन आसाला ओढू लागतो. पायडल चालविताना आपोआप सुटू नये, म्हणून डाव्या पायडलाला मात्र मुद्दाम उलटे आटे पाडलेले असतात. कोणत्याही सायकलीचे पायडल काढताना हे पाहून घ्यावे. नाहीतर माणूस सोडवायच्या ऐवजी आवळीत बसतो.

माघ महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही शाळेतून परत येत होतो. नदीकडे उतरणाऱ्या सडकेवर सायकलीने वेग घेतला होता. एका खड्ड्यात चाक आपटले, आणि डावीकडून आस खाचेतून निसटून बाहेर आला. चाक तिरपे होऊन चिमट्याला घासू लागले. दैव बलवत्तर, म्हणून ते उजव्या नटाने धरून ठेवले आणि सायकल कडेच्या मातीत जाऊन थांबली. चाक पुरते निसटले असते, तर चिमट्याची टोके सडकेत रुतून आम्ही दोघे पुढे फेकले गेलो असतो, हे मला पुष्कळ पुढे समजले. दादांना ते तेव्हाच समजले असावे. ते बराच वेळ माझा खांदा धरून उभे राहिले. दोन्ही नट सडकेवर कोठे पडले, ते काही सापडले नाहीत. पुढचे चाक हाताने उचलून धरून दादांनी सायकल घरी आणली.

आईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “उद्यापासून पायी जा, पण या सायकलवर लेकराला बसवू नको.”

रोज जाऊन येऊन दहा मैल चालायचे! नवा चिमटा घ्यावा, तर दादांच्या पगाराला ते परवडण्याजोगे नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेजारच्या गृहस्थांनी सांगितल्यावरून आम्ही एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्यांचे दुकान म्हणजे एका लिंबाच्या झाडाखाली अंथरलेले पोते, हवेचा पंप आणि अवजारांची पेटी. दादांनी आतापर्यंतची सारी औषधे त्यांना सांगितली.

मिस्त्री म्हणाले, “नटाले कायले पिळता, गुरुजी? तो तं बिचारा सांगून राह्यला, का मले बसाले जागा नाही.”

त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी सायकल उचलून पुढचे चाक हलकेच फिरविले आणि स्वस्थ पाहत राहिले. चाक मंदावले, झोके घेऊ लागले आणि शेवटी त्याचा जड भाग खाली येऊन ते थांबले. याचा अर्थ कोन मोकळे होते; छर्‍यांकडे दोष नव्हता. मग त्यांनी चाक काढून डाव्या खाचेवर बोट फिरविले. बोटाला तांबूस भुकटी लागली. लोखंडावर लोखंड घासत राहिले, म्हणजे अशी भुकटी पडते. घट्ट धरलेल्या जागी ती पडण्याचे कारण नाही. शेवटी त्यांनी ते जुने वायसर आमच्यापुढे धरले. त्याची एक कड घासून आरशासारखी चकाकत होती आणि उरलेल्या भागावर कारखान्यातला मूळचा मुलामा जसाच्या तसा होता.

“इथं पुनव पायजे, अन् हा तं बीजेचा चंद्र हाये,” ते म्हणाले.

चिमट्याचे डावे टोक किंचित तिरके राहिले होते. त्यामुळे नट वायसरच्या साऱ्या अंगावर न बसता एका कडेवर टेकत होता.

आता नट सैल का होतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहा. त्रिकोणाची तिरपी बाजू घाटातल्या रस्त्यासारखी पेन्सिलीभोवती वर चढत जाते. आटे म्हणजे हाच चढ. नट त्या चढावर चढून जागेवर दाबला गेला, की आसाचे पोलाद केसाच्या अंशाएवढे ताणले जाते, आणि हा ताणच नटाला घट्ट धरून ठेवतो. आता नट एका कडेवर टेकला असेल, तर सारा दाब त्या कडेवर येतो. थोडे अंतर जाताच ती कड दबते, झिजते, आणि तेवढ्याने ताण नाहीसा होतो. नव्या रंगाचा जाड थर खाचेवर राहिला, तरी असेच घडते. ताण गेला, की प्रत्येक खड्ड्यागणिक आस खाचेत आडवा सरकतो, आणि प्रत्येक सरकण्यासरशी नट घाटाची एकेक पायरी उतरतो. १९६९ साली गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने हे प्रयोगाने दाखवून दिले. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या हालचालीने नट फार लवकर सुटतो, असे त्याला आढळले. साध्या स्प्रिंग वायसरचा अशा वेळी फारसा उपयोग होत नाही, हेही तशा चाचण्यांत दिसून आले आहे. आमच्या मिस्त्रींना त्याआधी तीन वर्षे ते त्या चंद्रकोरीवरून कळले होते.

दुरुस्तीची त्यांची रीत मला अजून डोळ्यांपुढे दिसते. पेटीतून त्यांनी जुन्या एक्सलचे दोन तुकडे काढले. एकेक तुकडा चिमट्याच्या एकेका खाचेत दोन्ही अंगांनी नट लावून पक्का केला. दोन्ही तुकड्यांची टोके मध्यभागी एकमेकांसमोर आली. चिमटा खरा असता, तर ती समोरासमोर जुळली असती. पण डावे टोक करंगळीभर वर पाहत होते. जी चूक चिमट्याच्या पायाशी डोळ्यांना दिसत नव्हती, ती तुकड्याच्या लांबीमुळे एवढी मोठी झाली. मिस्त्री मोठ्या पान्याने ते टोक थोडे वाकवीत, वाकून पाहत, पुन्हा थोडे वाकवीत. घाई म्हणून नव्हती.

येथे हिंगणघाटातलीच आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. या गावात विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. त्याने १८०२ साली मद्रासेहून हिंदुस्थानच्या भूमीची त्रिकोणांनी मोजणी आरंभिली, आणि १८२३ च्या जानेवारीत हैदराबादेकडून नागपुरास जात असता येथे त्याचा अंत झाला. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून त्याचे सुमारे अर्ध्या टनाचे कोन मोजण्याचे यंत्र आदळले आणि त्याचे मोठे चक्र वाकडे झाले. सर्वांना वाटले, आता ते मोडीत निघाले. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले, सपाट फळीवर चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ आखले, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू त्या वर्तुळाला आणून भिडविली. त्याला सहा आठवडे लागले. मिस्त्रींना ही हकीकत ठाऊक असण्याचे कारण नव्हते; परंतु आधी खरे माप समोर ठेवावयाचे आणि मग वाकडे त्याच्याशी नेऊन जुळवावयाचे, ही रीत दोघांची एकच म्हणावी लागेल.

तुकड्यांची टोके जुळल्यावर मिस्त्रींनी खाचेवरचा गंज कानशीने घासला, नवी वायसरे व नट घेतले आणि आट्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडला. तेलाने नट अधिकच निसटेल, अशी शंका दादांनी काढली. “गंजल्या नटावर हाताचं जोर गंजच खाऊन टाकते, गुरुजी,” मिस्त्री म्हणाले. मग चाक खाचांत पुरते वर बसवून त्यांनी एकदा उजवा, एकदा डावा, असे दोन्ही नट थोडे थोडे आवळले. आजच्या पुष्कळ सायकलींच्या चिमट्याला टोकाशी लहानसे ओठ ठेवलेले असतात, त्यामुळे नट सैल झाला तरी चाक एकदम गळून पडत नाही. आमच्या सायकलीला ती सोय नव्हती. म्हणून मिस्त्रींनी बजावले, “चार दिवसांनी परत या. नवी जागा दबते. एक डाव पाना फिरवाच लागते.”

त्या कामाचे त्यांनी आठ आणे घेतले. नट आणि वायसरांचे वेगळे.

चार दिवस दादा एकटेच सायकलीने गेले आणि मी घरी राहिलो. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी पाना लावला, तेव्हा डावा नट पाव फेऱ्याहूनही कमी बसला. वायसर काढून त्यांनी आईकरिता आमच्यापाशी दिले. त्यावर आता चारी बाजूंनी सारखे वर्तुळ उमटले होते. आईने ते उजेडात धरून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भाकरीचा डबा दादांच्या डब्याशेजारी बांधून ठेवला.

दादांनी नटावर खडूची नवी रेघ ओढली होती. शाळेत पोहोचल्यावर ते रोज वाकून ती पाहत. मृगाच्या पहिल्या सरीत ती पुसून गेली. पुन्हा कोणी काढली नाही.