भांगातलं काम

कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाळी बांधणं आणि तुणणं हा माझा धंदा. माझ्याकडे येणारे बहुतेक डोलकर. डोल जाळं निमुळत्या पिशवीसारखं. ते पाण्यात रोवून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत शिरायची वाट बघायची. ओढ ठरते चंद्रावर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. तेव्हा डोलकराला जेवायला सवड नसते. अष्टमीच्या सुमाराला भांग. ओढ मंदावते, जाळं फुगत नाही, होडी किनाऱ्याला लागते.

नवं जाळं कधी करायचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “पावसाल्यान बगू.” १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, म्हणजे सलग दोन महिने मोकळे! प्रत्यक्षात त्या दोन महिन्यांत होडी वर ओढायची, इंजिन खोलायचं, रंग द्यायचा, घर गळतंय ते शाकारायचं. शिवाय कमाई थांबलेली, सूत आणायला पैसा नाही. नारळी पौर्णिमा आली की जुन्याच जाळ्याला ठिगळं लावून माणूस निघतो.

माझ्याकडे नवं जाळं भांगाभांगानं होतं. तोंडाकडचे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, मोठे, शेपटाकडे ते बारीक होत जातात, म्हणून जाळं मुळातच भागांत बनतं. हल्ली यंत्रावर विणलेलं नायलॉन गठ्ठ्यानं मिळतं. तरी कापणं, आस जुळवून जोडणं, दोर ओवणं हातानंच. एका भांगात एवढाच भाग घ्यायचा, की उधाण यायच्या आत तो पुरा होऊन माळ्यावर जाईल. अर्धवट पसरलेलं जाळं पायात येतं, उंदीर कुरतडतात, आणि पुढच्या खेपेला कुठवर आलो होतो हे शोधण्यात सकाळ जाते.

खरी अडचण फाटक्या जाळ्याची. ते रोजच येतं आणि रोजच घाईचं असतं. त्याला माझा नियम आहे: समुद्रात जाण्यापुरतं तुणायचं. भोक बंद झालं, दोर पक्का झाला की ते बाजूला. देखणं करायला बसायचं नाही. तो वाचलेला वेळ नव्या भागाचा.

आमच्या नगरातली पोरं आता नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत जातात आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सवड मिळत नाही म्हणतात. हिशेब लिहिणाऱ्याला महिनाअखेर उधाण, ते ओसरलं की भांग. शिक्षकाला पेपर तपासणी उधाण. प्रत्येक धंद्याची ओढ थोडीफार आधी कळते. उधाणात अभ्यास झाला नाही म्हणून कुढू नये; तेव्हा मासळी धरायची असते. पण भांग कधी, हे पंचांग बघून आधीच लिहून ठेवावं, आणि त्यात कुठला भाग पुरा करायचा तेही.