जिथे बस थांबत नाही

मराठीच्या प्राध्यापकाने प्रवासाला कोठे जावे याचे काही संकेत ठरलेले आहेत. आळंदी, देहू, पैठण ही तर त्याची माहेरघरे. हंपी चालते. फारच मोठी झेप घ्यायची तर तंजावर. कारण तेथील सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत आणि हौसेला संशोधनाचा अंगरखा घालता येतो. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात मी सोलला निघालो आहे असे जाहीर केले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती परीक्षेच्या हॉलमध्येही मी कधी अनुभवलेली नाही.

“सोल? म्हणजे दक्षिण कोरिया? कसला सेमिनार आहे?” इतिहासाच्या सरांनी विचारले.

“सेमिनार नाही. मुलीची बारावी झाली. तिला हवंय,” मी चष्मा पुसत म्हणालो.

हे अर्धसत्य होते. पूर्ण सत्य असे की, मलाही हवे होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कोरियन पॉप गाण्यांचा आणि त्याहूनही त्यांच्या नाचाचा शौकीन झालो आहे. पेपर तपासताना माझा पाय टेबलाखाली जो ताल धरतो तो अभंगाचा आहे, असा आमच्या घरातल्या मंडळींचा समज बरेच दिवस होता.

या शौकाचा उगम मात्र आनंदाचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझी आई गेली. इस्पितळात नेले ती परत आलीच नाही. शेवटचे दर्शनही आम्हांला नीट घडले नाही. मनू तेव्हा चौदा वर्षांची होती. आजीच्या कुशीत वाढलेली ही पोर एकदाही रडली नाही. कानांत ती इअरफोनची बोंडे घालून भिंतीकडे तोंड करून पडून राही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या मोबाइलमध्ये रंगीत केसांची नाचणारी मुले पाहिली आणि माझा तोल गेला. मी जे बोललो ते येथे सगळे लिहिण्याची माझी तयारी नाही. त्याचा मथितार्थ असा, की आजी गेल्याचे हिला काही नाही, हिला नाच सुचतो आहे. तिने माझ्याकडे फक्त पाहिले. त्यानंतर आमच्या घरात मीठ, पाणी, फी यांपलीकडे बापलेकींचे संभाषण वर्षभर झाले नाही.

पुढे एके रात्री ती मोबाइल चालू ठेवून झोपली होती. बंद करावा म्हणून हातात घेतला. एक रिकामी खोली, एका भिंतीला आरसे, रोजच्या कपड्यांतले सात तरुण आणि एका जागी खिळवून ठेवलेला कॅमेरा. बीटीएस या चमूच्या तालमीचे ते चित्रण होते. ना दिवे, ना रंगमंच. म्हटले, पाहू तरी यात आहे काय. मी ते ओळीने अकरा वेळा पाहिले.

त्याचे कारण सांगायचे तर मला साताऱ्याकडच्या माझ्या शाळेत शिरावे लागेल. मी लेझीमपथकात होतो. लेझीम ज्याने हातात धरली आहे त्याला सांगायला नको की चाळीस मुलांचा ‘छन्’ एकच पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. माझा ‘छन्’ मात्र ढोलाच्या एक ठोका मागे पडे. पी. टी. च्या गुरुजींनी वर्षभर सोसले आणि मग मला शिट्टीवर नेमले. ती सल मनात होतीच. त्या रात्री सात माणसांचा एक ‘छन्’ मी तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा ऐकला.

कोरियन भाषेत या एकजीव नाचाला ‘खलगुन्मु’ म्हणतात. ‘खल’ म्हणजे सुरी आणि ‘गुन्मु’ म्हणजे समूहनृत्य. सुरीने कापल्यासारखा नेमका सांघिक नाच. मराठीच्या माणसाला ‘खल’ शब्दाने क्षणभर दचकायला होते, पण नाच सज्जन आहे. त्याची खरी मौज हातापायांच्या फेकीत नाही, तर जागा बदलण्यात आहे. ज्याची ओळ गायची पाळी येते तो बरोबर त्या क्षणी मध्यभागी असतो, आणि तो तेथे कसा पोहोचला हे तुम्हांला कळतच नाही. तो येतो तेव्हा आधीचा गाणारा दोघांच्या पाठीमागून विरघळून जातो. शिवाय प्रत्येक गाण्यात एक हुकमी हालचाल असते. हात चोळणे, बोट नाचवणे, खांदा उडवणे असे काहीतरी, जे शेंबडे पोरही घरी करू शकेल. कठीण नाचात ही एक सोपी खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली असते. आमच्या कवींनी हे ध्यानात घेतले असते तर काव्यसंग्रह बरे खपले असते.

असो. सोलच्या विमानतळावर उतरून आम्ही मुक्काम ठोकला तो होंगदे भागात. होंगिक विद्यापीठाचा हा परिसर. विद्यापीठ कलाशाखेसाठी नावाजलेले, त्यामुळे भोवतालचा मोहल्लाच कलंदर झालेला. संध्याकाळ झाली की रस्त्यावर पोरांची टोळकी ध्वनिक्षेपक मांडतात, माणसे गोल करतात आणि नाच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो तर ‘रँडम प्ले डान्स’ नावाचा खेळ रंगात आला होता. गाण्याचा एक तुकडा वाजतो. ज्याला त्याचा नाच येत असेल त्याने मध्ये धावायचे. तुकडा संपला की परत गोलात. पुढचे गाणे कोणते हे कोणालाच ठाऊक नसते. एका तुकड्याला शाळेच्या गणवेशातल्या मुली, एक युरोपीय वाटणारा उंच तरुण आणि दोन फिलिपिनो बहिणी अशी माणसे धावली. एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती, पण कोणी कोठे उभे राहायचे हे न सांगता ठरले, कोणीतरी मध्य पकडला आणि हात एकदम वर गेले. आमच्या आरतीत टाळ्या कोठे पडायच्या आणि ‘मोरया’ कोठे म्हणायचे हे जसे कोणी शिकवत नाही, तसेच.

मनू तीनदा धावली. मी तिला असे कधी पाहिले नव्हते. आणि मग वाजले ‘गंगनम स्टाइल’.

२०१२ च्या जुलैत हे गाणे आले आणि त्याच डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले चित्रण ठरले, हे आपल्यालाही आठवत असेल. लग्नाच्या वरातींतून ते आपल्याकडेही वाजले. त्याचा गायक साय हा १९७७ सालचा, म्हणजे माझ्याच वयाचा आणि बांध्यानेही माझ्याच पंथातला. “बाबा, हे तुझं!” असे म्हणून मनूने मला पाठीत ढकलले. मी लगाम धरला, घोडा उधळला आणि होंगदेच्या त्या चौकात सातारा जिल्ह्याची लाज राखण्याचा प्रयत्न केला. टाळ्या पडल्या. एक ठोका मी मागे होतो, हे मला टाळ्यांतूनही कळले.

या नाचाची वंशावळ फार जुनी नाही. १९९२ मध्ये सो तेजी आणि त्याच्या दोन साथीदारांनी टेलिव्हिजनच्या एका स्पर्धेत नव्या ढंगाचे गाणे म्हटले तेव्हा परीक्षकांनी त्यांना सर्वांत कमी गुण दिले, आणि पाहता पाहता तेच गाणे देशभर गाजले. एक परीक्षक म्हणून मी ही गोष्ट दरवर्षी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडण्यापूर्वी आठवतो. १९९५ मध्ये ई सू-मान यांनी कंपनी काढली, १९९६ मध्ये तिने एच.ओ.टी. हा पाच मुलांचा चमू आणला, आणि तेव्हापासून कोवळ्या पोरांना वर्षानुवर्षे गाणे, नाच, भाषा शिकवून तयार करण्याचा कारखानाच चालू झाला. या कारखान्याला काळी बाजू आहे. करार इतके लांबलचक होते की २००९ मध्ये तेथील सरकारी आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार तयार केला. आरशासमोरच्या त्या खोलीत किती घाम आणि किती रडे जिरले असेल, याचा विचार चाहत्यानेही करावा. मी करतो, आणि मग पुन्हा बाराव्यांदा पाहतो.

बीटीएसचे ‘आयडॉल’ हे २०१८ चे गाणे मला विशेष प्रिय आहे. त्यात त्यांच्या पारंपरिक जांग्गु ढोलाचे बोल मुखाने म्हटले आहेत. हा ढोल आकाराने आपल्या डमरूचा थोरला भाऊ. ‘दंग’, ‘कुंग’, ‘दक’ असे त्याचे बोल. पढंत ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे परके कसे वाटावे?

योंगसानमध्ये त्यांच्या कंपनीची टोलेजंग इमारत आहे. बाहेर आमच्यासारखे वारकरी उभे होते. देव मात्र बाहेरगावी होते. सातांपैकी पाच जण तेव्हा सक्तीच्या राष्ट्रीय सेवेत होते. ते पुढे जूनमध्ये परतले. “आपण महिनाभर लवकर आलो,” मी हळहळलो. मनू म्हणाली, “मला त्यांना बघायचं नाहीये. मला बस स्टॉपला जायचंय.”

सोलहून वेगवान गाडीने दोनेक तासांत पूर्वकिनाऱ्यावरचे गंगनुंग येते. तेथून पुढे जुमुन्जिन हे मासेमारीचे गाव, स्क्विडसाठी प्रसिद्ध. त्याच्या समुद्रकाठी एक बस स्टॉप आहे. २०१७ मध्ये बीटीएसच्या एका अल्बमच्या छायाचित्रांसाठी तो उभारला होता आणि काम संपल्यावर काढून टाकला होता. पण माणसे जागा शोधत येऊ लागली, तेव्हा नगरपालिकेने तो पुन्हा बांधला. या स्टॉपवर बस थांबत नाही. लहानशी शेड, बाकडे आणि मागे निळा समुद्र. त्याच अल्बममध्ये ‘स्प्रिंग डे’ हे गाणे आहे. दुरावलेल्या माणसाची वाट पाहण्याचे, हिवाळा सरण्याची वाट पाहण्याचे ते गाणे. २०१४ च्या सेवोल बोटीच्या अपघातात ३०४ जण गेले, त्यांत सहलीला निघालेली शाळेची मुले फार होती. अनेक श्रोते हे गाणे त्यांच्या आठवणीशी जोडतात.

छायाचित्रांसाठी रांग होती. आमची पाळी आली. मनूने कॅमेरा काढलाच नाही. ती नुसती बाकावर बसली. मीही बसलो.

“त्या दिवशी तू पाहिलंस ना,” ती समुद्राकडे पाहत म्हणाली, “तेव्हा मी हेच गाणं ऐकत होते.”

मला काही सुचेना. चोवीस वर्षे वर्गात बोलून पोट भरणारा मी माणूस. शेवटी म्हणालो, “मी चुकलो, मनू. फार चुकलो.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजीला माहीत होतं हे गाणं. दुपारी तू कॉलेजला गेलास की एक इअरफोन तिच्या कानात आणि एक माझ्या. तिला सातही नावं पाठ होती. क्रमानं. देवापुढे स्तोत्र म्हणते तशी म्हणायची. तुला अजून तिन्ही किम नीट लावता येत नाहीत.”

माझी आई! कोजागरीखेरीज रात्री दहानंतर न जागणारी, सिनेमाच्या गाण्यालाही ‘थिल्लर’ म्हणणारी माझी आई! तिने हे मला का सांगितले नाही? बहुधा मी काय बोलेन हे तिला ठाऊक असावे.

मागच्या रांगेतल्या एका जोडप्याने नम्रपणे खाकरून आम्हांला उठवले. परतीची खरी बस पकडायला खऱ्या स्टॉपपर्यंत चालत जावे लागले. बसला अवकाश होता. कार्यक्रमात गाण्याच्या ओळींमध्ये श्रोते सातही जणांची नावे पुकारतात, ती मनू मला घोकून घेऊ लागली: किम नामजुन, किम सोकजिन, मिन युंगी, जंग होसोक, पाक जिमिन, किम तेह्योंग, जन जंगकुक. दोनदा सोकजिन आणि तेह्योंग यांची अदलाबदल झाली. एकदा जंग आणि जन यांनी घोटाळा केला. “आजी पहिल्या दिवशी शिकली होती,” मनू म्हणाली, आणि पहिल्यांदाच आजीचे नाव काढून हसली. हसता हसता डोळे पुसले. मीही पुसले.

बस वळणावर दिसली तेव्हा मी सातही नावे एका दमात म्हटली. बिनचूक. नेहमीप्रमाणे एक ठोका उशिराने. पण या वेळी मला शिट्टीवर पाठवायला कोणी नव्हते.