सुट्टी कशाची?

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात सकाळी सहालाच बॅट-बॉलचा आवाज सुरू होतो. सोलापूरचा मे, दुपारी पारा बेचाळीसच्या पुढं जातो, म्हणून पोरांचा सगळा खेळ दहाच्या आत. यंदा सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात आमचा धाकटा दारात उभा राहून हा खेळ बघत होता. मध्येच वळून म्हणाला, "अम्मी, हमना छुट्टी कब?"

आम्हाला काही सुचायच्या आत दादींनी आतून उत्तर दिलं, "अरे, तुमना इस्कूलच नै, तो छुट्टी कायकी?"

सगळे हसलो. धाकटाही हसला. तेरा वर्षांचा थोरला तेवढा हसला नाही, तो उठून गच्चीवर गेला. तेव्हा आम्ही त्याकडं लक्ष दिलं नाही.

आम्ही दोघंही बी.एड. एक जण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरीनं खासगी शाळेतली नोकरी पाच वर्षांपूर्वी सोडली. आमची स्वतःची दोन्ही मुलं मात्र शाळेत जात नाहीत. हे ऐकलं की लोकांना वाटतं, आपण नीट ऐकलं नाही. "हलवाई आपली मिठाई खात नाही," असं एका सहकाऱ्यानं तोंडावर म्हटलेलं आहे. त्यात चूकही नव्हतं काही.

खरं तर आम्ही ठरवून काहीच केलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरला दुसरीत होता आणि धाकटा चार वर्षांचा. घरात मोबाईल एकच, आणि त्यावर आमचेच वर्ग चालायचे. मग थोरल्याला बालभारतीची पुस्तकं डाउनलोड करून आम्हीच शिकवू लागलो, उर्दूचीही आणि मराठीचीही. वर्षभरात तो वर्गाच्या पुढं गेला. तेवढ्यात मशिदीत हिफ्जचा वर्ग पुन्हा सुरू झाला. त्याचा आवाज चांगला, पाठांतर चांगलं. आम्हाला वाटलं, दोन-तीन वर्षांत हिफ्ज होऊन जाईल, शाळा कुठं पळून जाते? शाळा उघडल्या, आणि आम्ही त्याला पाठवलंच नाही. धाकट्यानं तर शाळेचा उंबरा पाहिलेला नव्हता, तो आपोआप भावाच्या मागं बसला.

वाचक विचारतील, असं चालतं का? शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे, असं तो कायदा सांगतो. न घालणाऱ्या आईबापाला शिक्षा मात्र त्यात लिहिलेली नाही. घरी शिकणाऱ्यांसाठी एनआयओएस आहे, आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की त्यांच्याकडून दहावी देता येते. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना ठाऊक आहे. हे सगळं आम्ही मोहल्ल्यात विचारणाऱ्याला घडाघडा सांगायचो. आता वाटतं, ते आम्ही स्वतःलाच सांगत होतो.

दिवस मात्र छान जात होते, हे खोटं नाही. फजरनंतर मशिदीत नवा सबक, मग सबकपारा, मग आमोख्ता. नऊला घरी नाश्ता आणि दहापासून पुस्तकं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी अभ्यास नाही, त्या दिवशी गणित पिंपांचं. एका घागरीत किती लिटर, पिंपात किती घागरी, पाच दिवसांना सहा माणसांत रोज किती? घनफळ हे प्रकरण धाकटा पुस्तक न उघडताच शिकला. शेजारच्या पद्मशाली मावशी विड्या वळतात. पंचविसाचा एक कट्टा. त्यांच्याजवळ बसून हा पंचविसाचा पाढा शिकला आणि वर 'ओकटी, रेंडु, मूडु' करत तेलुगू आकडेही. सोलापुरात राहून चार भाषा कानावर पडतात. शाळेतल्या मुलांच्याही पडतात, पण आमच्या मुलाकडं मावशींपाशी तासभर बसायला वेळ होता.

आम्हाला याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता.

जानेवारीतली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. थोरल्यानं कुर्बान हुसैन यांच्यावर चार पानं लिहिली होती. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसैन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कुर्बान हुसैन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. वय विशीच्या आतबाहेर. हे सगळं त्यानं शोधून, वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलं, एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत. १२ जानेवारीला आम्ही त्याला चार पुतळ्यापाशी घेऊन गेलो. हार घालायला गर्दी होती. गणवेशातल्या पोरांची एक रांग होती, त्यातला एक मुलगा भाषण करत होता. त्यानं एक नाव चुकवलं. थोरल्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही खूश होऊन म्हणालो, "बघ, तुला याच्यापेक्षा जास्त माहीत आहे!"

तो म्हणाला, "हौ. पन मेरा तुम दोनोंच पढे."

ही गोष्ट आम्ही बरेच दिवस पाहुण्यांना कौतुकानं सांगत होतो.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याहून फुफी आणि तिची मुलं आली. घर भरलं. दुपारभर कॅरम, रात्री गच्चीवर गाद्या. सगळं चांगलं चाललं होतं, पण आम्ही मास्तर लोक, आमची नजर जायची तिथं जातेच. थोरला कॅरममध्ये दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबू शकत नव्हता. कुणी चुकीचं बोललं की दुरुस्त करायचा, वयानं मोठ्यालाही. हरला की सोंगट्या विस्कटून उठायचा. एकदा फुफीच्या मुलानं चिडून त्याला "मौलाना" म्हटलं. तसा हा शब्द आपल्याकडं इज्जतीचा, पण ज्या सुरात तो आला त्यात इज्जत नव्हती. थोरला त्या रात्री जेवला नाही.

वर्गात अशी मुलं आम्ही शेकड्यानं पाहिली आहेत. पहिलीला येतात तेव्हा सगळी अशीच असतात. साठ पोरांत तीन-चार वर्षं घासली जातात, मार खातात, मार देतात, न आवडणाऱ्या मुलाशेजारी वर्षभर बसतात, आणि कुणी न शिकवता थांबायला शिकतात. हे आम्ही दुसऱ्यांच्या मुलांबद्दल पालक सभेत किती वेळा बोललो असू! आमच्या मुलाला घासायला समोर होतं कोण? आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा भाऊ, जो त्याला "भाईजान" म्हणून सगळं ऐकतो.

पाहुणे गेल्यावर घर सुनं झालं, म्हणून एक दिवस विजापूरला गेलो. फजर पढून एस.टी.नं. शंभर किलोमीटर, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. डब्यात दादींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. बसमध्ये धाकट्याला सांगितलं की विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहानं 'किताब-ए-नौरस' नावाचं पुस्तक दखनीत लिहिलं आहे, म्हणजे दादी बोलतात त्या बोलीत. त्याला ते खरंच वाटेना. त्याचं 'मेरेकू-तेरेकू' सुधारून 'मुझे-तुझे' करायला आम्हीच त्याला सकाळ-संध्याकाळ टोकतो ना!

गोलघुमटावर सहलींची गर्दी हिवाळ्यात. मेच्या उन्हात तुरळक माणसं होती. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून घुमटाच्या आत फिरणाऱ्या सज्जात गेलो. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. थोरल्यानं लगेच हिशोब केला, आतून परीघ ११९ मीटर, आणि पावलांनी मोजत निघाला. धाकट्याला म्हणाला, "तू इधरच ठैर, मैं सामनेसे बोलतूं."

इथली गंमत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं, तरी समोरच्या भिंतीशी कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. धाकट्यानं कान लावला. आम्हीही त्याच्याशेजारी लावला. आधी भावाचं नाव आलं, मग शीळ, मग हसू. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग अगदी कानाशी बोलल्यासारखं आलं, "मेरेकू इस्कूल जाना है. अम्मी-अब्बा कू मत बोल."

धाकट्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही भिंतीकडं बघितलं. पलीकडं आम्हीही कान लावून उभे आहोत, हे त्याला तिथून दिसत होतं की नव्हतं, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर इब्राहिम रोजा पाहिला. काय पाहिलं ते आठवत नाही.

परत आल्यावर दोन रात्री आम्ही दोघं गच्चीवर बोलत बसलो. पहिली भीती हिफ्जची. चौदा पारे झालेले, सोळा बाकी. शाळेत घातलं आणि झालेलंही विसरला तर? दुसरी भीती आमच्या मनातली, जी आम्ही एकमेकांना लवकर सांगितली नाही. पाच वर्षं एक पगार सोडला, नातेवाइकांची बोलणी ऐकली, ते सगळं चुकलं असं होणार का? आणि तो दुसऱ्या कुणाच्या वर्गात बसणार, त्याला दुसरं कुणीतरी शिकवणार, हे मास्तरच्या पोटाला जरा टोचतंच.

दादींना सांगितलं तर त्या भडकल्या. २०२१ मध्ये "पोरांना घरात कोंडून मूर्ख करता" म्हणून भांडणाऱ्या त्याच, आता म्हणाल्या, "आधा कुरान छोडको कां भेजते?" हाफिजसाहेबांना कसं सांगावं, हे तर कळेनाच. शेवटी असरनंतर मशिदीच्या पायरीवर गाठलं. ते परगावचे, लहानपणापासून मदरशात वाढलेले. ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "साहब, बँक में दरख्वास्त लिखनी हो तो मैं आज भी दूसरे का मुँह देखता हूँ. भेजिए." मग वेळापत्रक त्यांनीच आखलं. फजरनंतर नवा सबक अर्धाच, आमोख्ता मगरिबनंतर. वेळ लागेल, तीन वर्षांच्या जागी पाच. "कुरान कहीं नहीं जाता, पाबंदी जानी नहीं चाहिए."

पुढचं काम कागदाचं. कायद्यात वयानुरूप प्रवेशाचं कलम आहे. शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागं पडलेलं विशेष प्रशिक्षणानं भरून काढायचं. तरी एका शाळेत "आधी दाखला आणा" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडं घेतलं, उर्दू माध्यम, आठवी. (माध्यमावरून आमच्यात जे झालं, त्याला वेगळा लेख लागेल.) तिथल्या सरांनी आधी वीस मार्कांचा एक पेपर सोडवायला दिला, चाळीस मिनिटांत. जे लिहिलं ते सगळं बरोबर, पण पेपर अर्धा कोरा. घड्याळ लावून लिहायला आम्ही त्याला कधी बसवलंच नव्हतं. जेवढा वेळ लागेल तेवढा घे बेटा, हे आमचं लाडकं वाक्य. तो बाहेर आला तेव्हा रडवेला झाला होता. आमचेही चेहरे उतरले होते.

यंदा पाऊस मेमध्येच आला. ७ जूनला बकरी ईद झाली, आणि ईदच्या धांदलीतच विजापूर वेशीतून गणवेशाचं कापड आणलं. धाकट्याला विचारलं, तुला पण जायचंय का? तो म्हणाला, "पैले भाईजान कू देखने दो." आम्ही घाई केलेली नाही. तो सध्या घरीच आहे, मावशींपाशी बसतो, आणि भाऊ गेल्यावर दर अर्ध्या तासाला किती वाजले विचारतो. त्याच्या बाबतीत काय करायचं, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. पहिल्या दिवशी थोरला साडेपाचला घरी आला तेव्हा आम्ही दोघंही दारातच होतो. दप्तर टाकून आधी पाणी प्यायला. काय शिकवलं, विचारलं, तर "कुछ नै, बुकां के नाम लिखे." मग आपणच सांगू लागला. बाकावर शेजारी एक मुलगा आहे, तो सारखा ढोपर मारतो. त्यानं न विचारता याच्या डब्यातला कबाब खाल्ला. आणि मग मधल्या सुट्टीत याला स्वतःच्या संघात घेतलं.

"नाव काय त्याचं?" आम्ही विचारलं.

"अरे," तो म्हणाला, "पूछनाच भूल गया."